पहिल्या बातमीला चहा विचारू नये

माझं शेवटचं पोस्टिंग आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनला झालं. ऑर्डर मुलीने काढली. हुद्दा आजी, ड्यूटी नातीला सांभाळणं, मुदत तीन महिने. २०२०च्या फेब्रुवारीत मी साताऱ्याहून निघून डब्लिनला उतरले. मार्चमध्ये विमानं बंद पडली आणि मुदत आपोआप वाढली. फौजेत याला 'अनटिल फर्दर ऑर्डर्स' म्हणतात. एकवीस सालचा जानेवारी आला तरी पुढची ऑर्डर आली नव्हती.

रूटीन ठरलेलं होतं. सकाळी सहाला उठायचं. मुलगी मृणाल डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडायच्या आत पोळ्या उरकायच्या. नात ईरा वरच्या खोलीत स्क्रीनवर शाळा भरवायची, मी तिला सावधान-विश्राम शिकवला तर म्हणाली, "आजी, यू आर गॅस." गॅस म्हणजे तिथे गमतीदार माणूस. दुपारी घरापासून पाच किलोमीटरच्या आत चालायचं, कारण त्यापलीकडे जायला सरकारची मनाई होती. आणि अकरा वाजता ब्रीडाबरोबर चहा.

ब्रीडा आमची शेजारीण. सत्तरीची, नवरा वारलेला, एकटी राहायची. एकट्या माणसाला तेव्हा एका घराशी 'बबल' करायची मुभा होती, म्हणजे त्या एका घरात बिनधास्त जायचं-यायचं. तिने आमचं घर निवडलं. माझ्यावर प्रेम म्हणून नव्हे. आमचा चहा तिच्यापेक्षा कडक, म्हणून.

तिचा मुलगा डेक्लन आयरिश फौजेत सार्जंट. त्या हिवाळ्यात तो शांतिसैनिक म्हणून आफ्रिकेतल्या एका देशात होता, जिथे यादवी चालू होती. त्याची बायको ईफा सातव्या महिन्यात, एनिसला स्वतःच्या आईकडे होती. एनिस म्हणजे ल्यूकनहून गाडीने अडीच तास. पाच किलोमीटरच्या हिशेबात परदेशच.

ब्रीडाच्या स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असे. रेडिओवर म्हणाले की तिच्यासाठी ते खरं.

"मेजर," ती एकदा म्हणाली. मी मेजर म्हणून निवृत्त झाले हे कळल्यापासून ती मला याच नावाने हाक मारायची, निम्मी थट्टेने. "तू कशावरच विश्वास ठेवत नाहीस."

"ठेवायचे. पंचविसाव्या वर्षापर्यंत ठेवायचे. मग एक दिवस मी स्वतःच पेपरात आले."

"फोटोसकट?"

"नावसुद्धा नव्हतं. म्हणून तर घोळ झाला."

मग तिला सांगितलं, ते इथेही सांगते.

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये होते. लढले नाही, लढलेल्यांना उतरवून घेतलं, धुतलं, सर्जनने शिवलेलं जपलं. सत्याऐंशी साली माझं पोस्टिंग दक्षिणेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतं. समुद्रापलीकडे श्रीलंकेत यादवी पेटली होती. आपली फौज शांतता राखायला गेली आणि लढाईत सापडली. जखमी हेलिकॉप्टरने आणि विमानाने आमच्याकडे यायचे.

लेफ्टनंट जगदाळे, म्हणजे मी, त्या वेळी पाहण्यासारखी वस्तू होती. टोपीला इतका स्टार्च की वाऱ्याने वाकायची नाही. चाल परेडची, अगदी बेडपॅन नेतानाही. आमच्या घरी पेपर आधी वडील वाचायचे, मग इस्त्री केल्यासारखी घडी घालून आईला द्यायचे. छापलेलं खोटं असू शकतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सर्जिकल वॉर्डात मी एक प्रथा पाडली होती. सकाळचं ड्रेसिंग संपलं की वॉर्डाच्या मध्यभागी उभं राहून इंग्रजी पेपर हिंदीत, आणि आपल्याकडच्या जवानांसाठी मराठीत, वाचून दाखवायचा. आवाज आकाशवाणीचा काढायचा. जवान गालात हसायचे. ते बातमीला हसतात असं मला वाटायचं.

सहा नंबरच्या बेडवर जतकडचा नाईक सर्जेराव पाटोळे होता. मांडीपासून पाय प्लास्टरमध्ये. फौजेत प्रत्येक जवानाला एक 'बडी' असतो. दोघांची जोडी. खंदक दोघांनी खणायचा, एकाने झोपायचं, एकाने जागायचं. पाटोळेचा बडी लान्स नाईक हणमंत सावळे. त्यानेच पाटोळेला पाठीवर घेऊन हेलिकॉप्टरपर्यंत आणलं होतं, आणि तो परत कंपनीत गेला होता. कंपनी एका गावाच्या वेशीवर अडकली होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

पाटोळे रोज विचारायचा, "सिस्टर, आमच्या गावाचं काय छापलंय का?"

"अजून नाही, पाटोळे."

"छापतील. तुमी वाचा की पुढं."

एके दिवशी सकाळी ड्यूटी रूमचा फोन वाजला.

"सर्जिकल?"

"येस सर."

"चॉपर येतंय. बेड रिकामे करा. संख्या माहीत नाही."

"रॉजर, सर."

बरे होत आलेल्यांना बरॅकमध्ये हलवलं. चादरी बदलल्या, स्ट्रेचर दाराशी लावले, रक्ताच्या बाटल्या मागवल्या. दुपार झाली. संध्याकाळ झाली. एकही जखमी आला नाही.

लेफ्टनंट जगदाळेने यावर विचार केला. जखमी नाहीत म्हणजे लढाई नाही. लढाई नाही म्हणजे गाव आपण घेतलं. आणि जखमीच नाहीत म्हणजे हानीही नाही. तर्क असा बांधेसूद की मलाच माझं कौतुक वाटलं.

भेटायला येणाऱ्यांसाठी गेटजवळ एक शेड होती. तिथे एक सद्गृहस्थ रोज येऊन बसायचे. पांढरा शर्ट, मांडीवर छत्री, बोलणं फार अदबीचं. पुतण्या ॲडमिट आहे म्हणायचे. कोणत्या वॉर्डात, हे मी कधी विचारलं नाही. बिचारे एकटे बसतात म्हणून मी त्यांना चहा पाजत असे. त्या संध्याकाळीही पाजला.

"सिस्टर, आज फार धावपळ?" त्यांनी विचारलं.

"धावपळ कसली. एक जखमी नाही. गाव घेतलं म्हणायचं." आणि वर टोपी सारखी करत, "हानी शून्य."

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर होतं. गाव आपल्या ताब्यात. आपली हानी नाही. खाली लिहिलं होतं, विश्वसनीय लष्करी सूत्रांची माहिती.

आता शहाण्या माणसाला इथे घाम फुटला असता. मला काय वाटलं? वाटलं, बघा, माझा अंदाज पेपरानेही बरोबर ठरवला. आपलाच आवाज विहिरीतून परत आला आणि मी त्याला दुसरा साक्षीदार समजले. वॉर्डात उभं राहून बातमी दोनदा वाचली. कॅन्टीनमधून जिलेबी आली. दुपारी रेडिओनेही तेच सांगितलं. रेडिओने पेपरावरून उचललं होतं, पण माझ्या हिशेबी तिसरा साक्षीदार झाला.

पाटोळेने जिलेबी हातात धरून ठेवली होती. म्हणाला, "सिस्टर, हणमंताच्या घरी एक तार करता का? 'हणमंत सुखरूप, गाव घेतलं.' त्याची म्हातारी डोळं लावून बसली आसंल."

मी मजकूर लिहिला आणि सहीसाठी मेट्रनकडे नेला. आमच्या मेट्रन केरळच्या. उंचीने कमी, आवाजाने त्याहून कमी. त्यांनी कागद वाचला.

"कोणी सांगितलं?"

"पेपरात आहे, मॅडम."

"पेपरला कोणी सांगितलं?"

"विश्वसनीय लष्करी सूत्रांनी."

"ती कोण?"

मी कागदावरचं माझंच अक्षर पुन्हा वाचू लागले.

"काल संध्याकाळी शेडमध्ये चहा कोणाला दिलास?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात छत्री उघडली. टोपीखाली कान तापले.

मेट्रन म्हणाल्या, "काल चॉपर आलं नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे. का आलं नाही, हे चॉपरच सांगेल." आणि तार टेबलाच्या खणात टाकली.

चॉपर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आधीचे दोन दिवस गोळीबार इतका होता की त्याला उतरताच आलं नव्हतं. गाव घेतलेलं नव्हतं. दोन दिवसांचे जखमी एकदम आले. छत्रीवाले सद्गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत, आणि कुठल्याही वॉर्डात त्यांचा पुतण्या नव्हता.

ब्रीडा चहा सांडेपर्यंत हसली. "म्हणजे लष्करी सूत्र तू?"

"मीच. टोपीसकट."

हणमंतचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मुलगा लढाईच्या मुलखात असलेल्या बाईला सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती.

आठवडाभराने, दुपारी दोनच्या सुमारास, ब्रीडा मागच्या दाराने आत आली. पायात घरातल्या सपाता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. फोन तिने माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं. आयरिश शांतिसैनिकांच्या गस्तीवर हल्ला. बळी पडल्याची भीती. त्यांत ल्यूकनचा एक सैनिक असल्याचं समजतं.

"रेडिओवरही सांगितलं," ती म्हणाली. "मी एनिसला निघाले. ईफाला हे माझ्या तोंडून कळलं पाहिजे. फोनवर दिसलं आणि तिला काही झालं तर? मूल..."

"बस."

"मेजर, युअर मॅन, तो रेडिओवरचा, स्पष्ट—"

"ब्रीडा, बस. किल्ली टेबलावर ठेव."

ती बसली. किल्ली ठेवली नाही. मला मेट्रनचा आवाज काढायचा होता. निघाला माझाच, पण खालच्या पट्टीत निघाला.

"रेडिओला कोणी सांगितलं?"

मृणालची मीटिंग चालू होती. तिने हेडफोन काढून ठेवला आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. ती असल्या कामात तरबेज. प्रोग्राम कुठे बिघडला ते उलट्या दिशेने शोधत जाण्याचाच तिला पगार मिळतो. रेडिओने एका पेपरच्या वेबसाइटचा हवाला दिला होता. वेबसाइटने एका स्थानिक बातम्यांच्या पेजचा. पेजवर दोन ओळी होत्या. पहिली, परदेशी वृत्तसंस्थेची: शांतिसैनिकांच्या गस्तीजवळ गोळीबार. दुसरी: ल्यूकनमधल्या एका सैनिकाशी रविवारपासून संपर्क नाही, असं कुटुंबाच्या निकटवर्तीयांकडून कळतं.

मृणाल थांबली. "आई, आपल्या इस्टेटच्या ग्रुपवर सकाळी काय आलं होतं?"

इस्टेट म्हणजे आमची घरांची कॉलनी. तिचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कचऱ्याचे डबे, हरवलेली मांजरं, असले विषय. सकाळी नऊ वाजता ब्रीडाने त्यावर लिहिलं होतं: "रविवारपासून डेक्लनचा फोन नाही. त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावा."

मी म्हटलं, "ब्रीडा, हल्ल्याची ओळ तिकडची. ल्यूकनची ओळ तुझी. मधे कोणीतरी टाका घातलाय. निकटवर्तीय तू आहेस."

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे टोपीवाली मी?"

"यंदाची."

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मग तो ग्रँड आहे. हो ना? तो ठीक आहे."

"मी तसं म्हटलं नाही. त्याचा फोन आलेला नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे."

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मी बोलले नाही. कॅम्पवरचं कोणी मारलं गेलं की फोन आणि इंटरनेट बंद करतात. घरच्यांना रीतसर कळेपर्यंत बाहेर शब्द जाऊ द्यायचा नाही, म्हणून. रविवारपासून शांतता होती. पंचविशीत मी शांततेचा अर्थ जिलेबी लावला होता. आता तसा लावू शकत नव्हते. पेपरची भीती खोटी असेल, म्हणून भीतीच खोटी असं नव्हतं.

"तुमच्याकडे असं काही झालं तर घरी कोण येतं?" मी विचारलं.

"एक ऑफिसर आणि पाद्री. दारावर येतात." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "कोणी आलेलं नाही."

पण ते या दारावर येणारच नव्हते. नवऱ्याची बातमी आधी बायकोकडे जाते. ते एनिसला जाणार.

"ईफाला रोज किती वाजता फोन करतेस?"

"चारला."

"चारला कर. रोजचाच फोन. बातमी सांगायची नाही, विचारायची नाही. तिच्या घरी कोणी आलंय का, ते आवाजावरून ऐकायचं."

"मला जमणार नाही, मेजर."

"मुलं वाढवलीस ना? मग खोटा आवाज काढता येतो तुला."

चार वाजेपर्यंत ती बटाटे सोलत बसली. आम्हाला बटाटे नको होते. पावणेचारच्या सुमारास बाहेर पांढरी व्हॅन थांबली आणि तिच्या हातातली सुरी थांबली. किराण्याची डिलिव्हरी होती, समोरच्यांची. चारला तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एका हाताने टेबलाची कड धरली होती.

"हाय ब्रीडा." ईफाचा आवाज, तोंडात काहीतरी खात. "आज इतकी लाथा मारतेय ही, फुटबॉलच खेळणार बघ."

"ग्रँड, ग्रँड. जेवलीस?"

"दोनदा. तुझ्या लेकाने फोन केला का तुला? मला नाही. सोमवारी पाळण्याचा फोटो पाठवलाय, बघितलासुद्धा नाही त्याने."

"त्याचं काय, लहानपणापासून तसाच. घरी कोण आहे?"

"मी आणि आई. दुसरं कोण येणार, लेव्हल फाइव्हच्या लॉकडाउनमध्ये?"

"बरोबर. झोप थोडी. आणि त्या फोनवर सारखं बघत बसू नकोस, डोळे जातील."

"बरं, सासूबाई." ईफा हसली.

फोन ठेवल्यावर ब्रीडाच्या हाताचा ठसा टेबलावर ओला उमटलेला होता. मग तिने गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

सहाला थोडा वेळ होता तेव्हा तिचा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"आई? डेक्लन. मी ठीक आहे. ऐकू येतंय?"

"ऐकतेय."

"नेट बंद होतं, आत्ता सोडलं. ईफाशी बोललो. आमच्यातलं कोणी नाही."

ब्रीडाने फोन माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, "सार्जंट, मग कोण?"

लाइनवर खरखर झाली. "आपण कोण?"

"शेजारची. निवृत्त मेजर."

मग म्हणाला, "इद्रिस, मॅम. आमचा दुभाषा. पुढच्या गाडीत बसायचा. मला तिथल्या भाषेत नमस्कार करायला त्याने शिकवलं. आज त्याच्या घरी जाऊन आलो."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"येस, मॅम."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून दुधाबरोबर पेपर आणला. ब्रीडाने तो आमच्या टेबलावर उघडून मोठ्याने वाचला. आयरिश सैनिक सुखरूप. गस्तीवरील गोळीबारात हानी नाही. पहिलं वाक्य तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यावर थांबली. पान उलटलं, परत आली.

"मेजर, इद्रिस कुठे आहे?"

मी पेपर तिच्याकडून घेतला. शोधण्याचा उपयोग नाही हे माहीत असूनही शेवटच्या पानापर्यंत शोधला. सत्याऐंशी सालीही मी तसाच शोधला होता.

ती माझ्याकडे बघत होती. रेडिओ बंद होता. ब्रीडाच्या घरातही बंद होता, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं असतं.

"त्या जवानाचं काय झालं?" तिने विचारलं. "ज्याची तार करायची होती."

मग सांगितलं. उशिरा आलेल्या त्या हेलिकॉप्टरमध्ये हणमंत नव्हता. त्याच्या कंपनीचा एक जखमी होता, त्याने पाटोळेला सांगितलं. ज्या दुपारी मी रिकाम्या बेडांच्या चादरी ताणत होते, त्याच दुपारी हणमंत गेला होता. वेशीवर पडलेल्या दुसऱ्या एकाला पाठीवर घेऊन येताना. पाटोळेने रात्र भिंतीकडे तोंड करून काढली. सकाळी मी पेपर न वाचताच ड्रेसिंग ट्रॉली पुढे ढकलली, तेव्हा तो म्हणाला, "वाचा की सिस्टर. दुरुस्त केलंय का बघू." मी वाचलं. दुरुस्त केलं नव्हतं. पाटोळे डिस्चार्ज होईपर्यंत रोज वाचलं. त्या दिवसाची हानी पेपरात आजही शून्य आहे.

मेट्रनच्या खणातली तार त्याने परत मागून घेतली. म्हातारीला दुसरी पाठवली. ती त्याने स्वतः लिहिली.

ब्रीडा उठून घरी गेली आणि नाताळात खिडकीत लावायची जाड मेणबत्ती घेऊन आली. आमच्या खिडकीत ठेवली. मग फोन काढला.

"नाव पुन्हा सांग. हळू."

"हणमंत."

तिने तीन वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी पाटोळेला ओळखू आलं असतं. मग तिने इस्टेटच्या ग्रुपवर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. फौजेत मजकूर वरिष्ठाला दाखवून पाठवतात, हे तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. "डेक्लन सुखरूप आहे. त्याचा मित्र इद्रिस गेला. माझ्या मैत्रिणीच्या वॉर्डातला हणमंत फार पूर्वी गेला. काल लावलेली मेणबत्ती आज या दोघांसाठी राहू द्या."

"कोणी सांगितलं?" मी सवयीने विचारलं.

"इद्रिसचं माझ्या मुलाने. हणमंतचं तू."

"पाठव."

साडेचारला अंधार पडला. समोरच्या रांगेत चार खिडक्यांत मेणबत्त्या होत्या, मग ईरा मोजायला लागली तेव्हा अकरा. ही बातमी कोणत्याही पेपराने उचलली नाही.